दायमाबादचा रथ नेमका कधीचा? आणि थर गेला की काय जातं

पांढरीवरचा · शनिवार, २१:१०

बरेच दिवस डोक्यात होतं, आज लिहूनच टाकतो. राखीगढी, सिनौली, कीळडी या उत्खननांवर इथे पानंच्या पानं झालीत पण दायमाबादवर आपण कधी नीट बोललो नाही. श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेच्या डाव्या काठाला आहे हे प्राचीन वस्तीचं ठिकाण. १९७४ साली तिथल्या एका शेतकऱ्याला वाळक्या झुडपाचं खोड खणताना जमिनीत ब्राँझच्या चार वस्तू लागल्या. एक रथ, त्याला दोन बैल जुंपलेले, उभा राहून हाकणारा माणूस, आणि दांडीवर चक्क एक कुत्रा. बाकीच्या तीन म्हणजे हत्ती, गेंडा आणि रेडा. चारही भरीव ओतलेल्या, सगळ्यांचं मिळून वजन ६० किलोच्या वर. रथ साधारण ४५ सेंमी लांब आहे, फोटोत बघून खेळण्याएवढा वाटतो पण उचलायला गेलात तर कळेल.

आता मुद्दा. हा रथ कधीचा? देशपांडे, एस. आर. राव, साळी या तिघांनी तिथे वेगवेगळ्या वेळी उत्खनन केलं आणि तिघांचंही मत उत्तर हडप्पा काळ, म्हणजे सिंधू संस्कृतीचा उतरता काळ, ढोबळमानाने इ.स.पू. २००० च्या आसपास. पण डी. पी. अग्रवालांनी धातूचं पृथक्करण बघितलं तर आर्सेनिक १ टक्क्याच्या वर. ताम्रपाषाण काळातल्या (तांबं आणि दगड दोन्ही वापरायचे तो काळ) इतर वस्तूंत असं मुद्दाम मिसळलेलं आर्सेनिक दिसत नाही म्हणून ते म्हणाले की ह्या बऱ्याच नंतरच्या, ऐतिहासिक काळातल्याही असू शकतील. म्हणजे फरक शे-दोनशे वर्षांचा नाहीये, हजार-दीड हजार वर्षांचा आहे! आणि पन्नास वर्षं झाली तरी एकमत नाही.

कारण एकच. वस्तू खड्ड्यातून थराथराने बाहेर आल्या नाहीत. नंतर रावांनी खणलं, मग साळींनी १९७९ पर्यंत खणलं, सावळदा ते जोर्वे अशा पाच संस्कृतींचे थर एकावर एक लागले, पण तोवर रथ जागेवरून हललेला होता. त्याच्या शेजारी कुठलं खापर होतं, माती कुठल्या रंगाची होती, वरून खड्डा करून पुरला होता का तिथेच पडून वर माती चढली, हे आता कुणीच सांगू शकत नाही. त्या शेतकऱ्याला मी दोष देत नाहीये, वस्तू वितळल्या नाहीत हेच आपलं नशीब. मला एवढंच म्हणायचंय की आपण सगळे वस्तूच्या मागे लागतो आणि ती जिथे पडलीये त्या जागेकडे बघतच नाही. तुम्हाला काय वाटतं?

सिंधूसागर · शनिवार, २१:४८

मला तर हे उगाच वाढवलेलं वाटतं. हत्ती, गेंडा, रेडा, हे तिन्ही सिंधूच्या मुद्रांवर आहेत ना. गेंडा तर महाराष्ट्रात कोण बघणार? शिवाय दायमाबादलाच सिंधू लिपी असलेल्या दोन मातीच्या मुद्रा सापडल्यात, लिपी कोरलेली खापरं पण आहेत. मग अजून काय पुरावा पाहिजे, स्पष्टच हडप्पाचं आहे.

पांढरीवरचा · शनिवार, २२:०५

मुद्रा सापडल्या त्या उत्खननात, थरातून, म्हणून त्यांच्याबद्दल कुणी भांडत नाही. तुम्ही माझीच बाजू मांडलीत दादा. दोन बोटांएवढी मातीची मुद्रा वादाच्या पलीकडे आणि ६० किलोचं ब्राँझ वादात, असं झालंय.

खापरवाली · शनिवार, २२:३१

पुरातत्त्वात एम.ए. केलंय म्हणून थोडं लिहिते.

आर्सेनिकचा मुद्दा वजनदार आहे पण शेवटचा शब्द नाही. आर्सेनिक दोन प्रकारे येतं. एक, धातू कडक व्हावा म्हणून मुद्दाम मिसळतात. दोन, ज्या खाणीतलं तांबं आहे त्या खनिजातच ते असतं आणि वितळवताना पूर्ण जात नाही. हडप्पाच्या शहरांतही आर्सेनिक असलेलं तांबं मिळालंय. त्यामुळे १ टक्का बघून लगेच ऐतिहासिक काळ म्हणणं मला पटत नाही. पण सिंधूसागर म्हणतात तसं प्राणी बघून काळ ठरवणं तर त्याहून कच्चं, हत्ती आणि रेडा आपल्याकडे पुढच्या प्रत्येक काळात कोरलेत की. आणि धातूला कार्बन डेटिंग लागत नाही हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. कार्बन-१४ फक्त जे कधीकाळी जिवंत होतं त्याला, म्हणजे कोळसा, धान्य, हाड. म्हणजे रथाचा काळ काढायचा तर रथाशेजारचा कोळसा हवा. तो कोळसा त्याच मातीत होता जी बाजूला फेकली गेली.

इनामगावची गोष्ट याच्या बरोबर उलट आहे, वेळ मिळाला की लिहिते, आत्ता मुलाला झोपवायचंय.

कातळवाट · शनिवार, २३:०२

छान धागा. आमच्या कोकणात तर हा प्रश्न अजून अवघड, कारण तिथे थरच नाही!

रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या सड्यांवर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारांवर, जांभ्यात कोरलेली कातळशिल्पं बघितली असतीलच. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सोबत्यांनी २०१२ पासून गावोगाव पायपीट करून शोधली, आता संख्या हजाराच्या वर गेलीये. कशेळीचा हत्ती जवळपास १८ मीटर लांब आहे, त्याच्या पोटात आणखी प्राणी कोरलेत, जमिनीवर उभं राहून तो पूर्ण दिसतच नाही, आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा हत्तीच्या पाठीवर उभे राहून हत्ती कुठेय म्हणून शोधत होतो. बारसूला एक माणूस आणि त्याच्या दोन्ही बाजूंना वाघ आहेत. कशेळी, बारसू, रुंढे तळी, देवाचे गोठणे, देवीहसोळ, जांभरुण, उक्षी, कुडोपी आणि गोव्यातलं एक, अशा नऊ जागा २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेल्या.

पण कधीची? उघडा कातळ, वर माती नाही, राख नाही, हाड नाही. पाऊस दरवर्षी धुऊन नेतो. काही अभ्यासक मध्याश्मयुगाकडे बोट दाखवतात ते चित्रांत काय आहे आणि काय नाही यावरून. गेंडा आहे, पाणघोडा म्हणतात असा एक प्राणी आहे, जे आज इथे नाहीत, आणि नांगर, शेती वगैरे दिसत नाही. म्हणून शिकार करून जगणाऱ्यांचं असावं. सिंधुदुर्गात कोळोशीच्या गुहेत उत्खनन झालं, दगडी हत्यारं मिळाली, म्हणजे त्या भागात अश्मयुगातली माणसं वावरत होती हे पक्कं. पण हत्यारं गुहेत आणि चित्रं सड्यावर, मधला धागा जोडायचाय अजून.

मुळाकाठ · शनिवार, २३:२०

कातळवाट, सड्यांवर आता चिरेखाणी किती आल्यात ते पण लिहा ना. मी गेल्या वर्षी गेले होते तेव्हा एका आकृतीपासून पन्नास पावलांवर मशीन चालू होतं, धुरळा सगळा त्या रेषांत बसलेला. रडू आलं खरंच.

कातळवाट · शनिवार, २३:२६

हो ताई. आणि मालकाला दोष देऊन होत नाही, जागा त्याची, पोट त्याचं. ज्या गावांनी स्वतःहून चिऱ्याचं कुंपण घातलंय, उक्षीला तर बघायला गॅलरी केलीये, तिथली शिल्पं आज सगळ्यात चांगल्या अवस्थेत आहेत.

खापरवाली · रविवार, ०७:५५

इनामगाव. शिरूर तालुका, घोड नदी. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ इथे बारा हंगाम खणलं, सांकलिया, ढवळीकर, अन्सारी. एवढा वेळ एका खेड्याला दिला म्हणून आज आपल्याला साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्याचं घर आतून दिसतं. माळवा काळ, मग जोर्वे, मग उत्तर जोर्वे, इ.स.पू. १६०० ते ७०० अशी सलग वस्ती.

काय काय कळलं बघा. लहान मूल गेलं तर त्याला दोन रांजणांत, तोंडाला तोंड लावून आडवं, घराच्याच जमिनीखाली पुरायचे. मोठ्या माणसाला खड्ड्यात, डोकं उत्तरेकडे, आणि पाय घोट्याखाली तोडलेले. का तोडले याबद्दल तर्क बरेच आहेत, मेलेला माणूस परत चालत येऊ नये किंवा घरातून जाऊ नये असं एक. आता त्यात एक माणूस असा सापडला ज्याचे पाय शाबूत आहेत, मांडी घातल्यासारखा बसवलाय, आणि रांजण साधा नाही, चार पायांचा, कच्च्या मातीचा. वय चाळिशीचं. आणि हा कुठे होता? गावातल्या पाच खोल्यांच्या घराच्या अंगणात, आणि त्या घराला लागून धान्याचं कोठार.

थांबून विचार करा. हा रांजण कुणी काढून विकला असता तर तो "विचित्र आकाराचा प्राचीन रांजण" राहिला असता. पण तो पाच खोल्यांच्या घरात होता, आजूबाजूची घरं एक-दोन खोल्यांची होती, बाकी सगळ्यांचे पाय तोडलेले होते, कोठार शेजारी होतं, हे सगळं एकत्र ठेवलं तेव्हा ढवळीकर म्हणू शकले की हा गावचा प्रमुख असावा आणि समाजात उतरंड होती. हे त्या रांजणावर कुठे लिहिलेलं नाहीये, जागेने सांगितलंय.

तसंच मातीच्या एका डबीत शिर नसलेली बाईची मूर्ती मिळाली, डबीच्या वर दुसरी तशीच मूर्ती आणि बैल. मूर्तीच्या पोटाला भोक, बैलाच्या पाठीला भोक, काडी घातली की बाई बैलावर बसते. सुटे सुटे बाजारात आले असते तर शिर तुटलंय म्हणून फेकून दिलं असतं कुणीतरी. जमिनीखाली जपून पुरलेलं मिळालं म्हणून कळलं की शिर तुटलेलं नाही, घडवलीच तशी.

आणि शेवटचा थर मला सगळ्यात जास्त लागतो मनाला. इ.स.पू. १००० नंतर चौकोनी घरं जाऊन छोट्या गोल झोपड्या येतात, शेती घटते, गाव गरीब होत जातं, पाऊस कमी झाला असावा, आणि ७०० च्या सुमारास सोडूनच जातात. नऊशे वर्षांचं गाव. हे कुठल्या पोथीत नाहीये.

सिंधूसागर · रविवार, ०९:१२

ताई, हे वाचून काल रात्रीचं माझं म्हणणं थोडं मागे घेतो. पण एक प्रश्न, थर असला की सगळं मिटतं का? सिवगळैचं लोखंड बघा, २०२५ च्या जानेवारीत तमिळनाडू सरकारने जाहीर केलं की इ.स.पू. ३३४५ पर्यंत जातं. ते तर रीतसर उत्खनन आहे. तरी वाद आहेच की.

खापरवाली · रविवार, ०९:४०

वाद होणारच आणि व्हायलाच हवा, पण फरक लक्षात घ्या. तिथे भांडण कशावर आहे? कोळसा आणि लोखंड एकाच वेळी दफनात गेले का, लाकूड आधीच जुनं होतं का. म्हणजे भांडायला कोळसा आहे, नोंद आहे, फेरतपासणी करता येते. कीळडीला पण ३५३ सेंमी खोलीवरच्या नमुन्याची तारीख इ.स.पू. ५८० आली, कुणाला पटत नसेल तर त्याच खोलीवरचे आणखी नमुने तपासून बघता येतात. दायमाबादच्या रथाला आपण काय तपासणार?

टिंबटिंब · रविवार, १०:३५

याचंच बाहेरचं उदाहरण देतो. अमेरिकेत न्यू मेक्सिकोला व्हाईट सँड्समध्ये माणसांच्या पावलांचे ठसे मिळाले, २०२१ साली पेपर आला की २१ ते २३ हजार वर्षं जुने. तोवर बरेच जण अमेरिकेत माणूस १३ ते १६ हजार वर्षांपूर्वी आला असं धरून चालत. लगेच आक्षेप आला, कारण तारीख काढली होती पाणवनस्पतीच्या बियांवरून, आणि पाण्यातल्या वनस्पती पाण्यातला जुना कार्बन शोषतात त्यामुळे वय फुगतं. बरोबर आक्षेप होता. मग २०२३ साली त्याच टीमने त्याच थरातून पाइनसारख्या झाडांचे परागकण वेगळे काढले (झाडं हवेतून कार्बन घेतात, पाण्यातून नाही) आणि क्वार्ट्झच्या कणांवर प्रकाशाची पद्धत वापरली. वाळूच्या कणावर शेवटचं ऊन कधी पडलं ते त्यातून कळतं, अंधारात पुरला की कण आजूबाजूच्या किरणांची ऊर्जा साठवत राहतो आणि लॅबमध्ये प्रकाश टाकला की ती बाहेर सोडतो, जितकं सोडतो तितका जास्त काळ पुरलेला. आकडे पुन्हा तेवढेच आले.

थर जागेवर होते म्हणून दुसऱ्यांदा जाऊन विचारता आलं.

तगरकर · रविवार, ११:५०

आमच्या तेरचं कुणी नाव घेतलं नाही म्हणून लिहितो 🙂 धाराशिव जिल्हा, जुनं नाव तगर, सातवाहन काळातलं मोठं व्यापारी गाव.

१९३८ साली इटलीत पाँपेईच्या एका घरात हस्तिदंताची एक बाईची मूर्ती सापडली, २५ सेंमीच्या आसपास उंच, दागिने अंगभर, तळाला खरोष्ठी या जुन्या भारतीय लिपीतलं अक्षर. म्हणजे भारतातून गेलेली. आधी लोक तिला लक्ष्मी म्हणत. आता मजा बघा, पाँपेई इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडलं गेलं, म्हणजे ही मूर्ती त्याच्या आधीची, यात शंकेला जागाच नाही. एका ज्वालामुखीने भारतीय हस्तिदंताला तारखेचा शिक्का मारून दिला. आणि तिच्या जवळची अशी मूर्ती आमच्या तेरला मिळाली, भोकरदनलाही मिळाली. म्हणजे मराठवाड्यातल्या वस्तूचा काळ ठरवायला इटलीतल्या राखेची मदत होते! तीच मूर्ती समजा रोमच्या एखाद्या जुन्या वस्तूंच्या दुकानात मिळाली असती तर पहिलं शतक का तिसरं, खरी का नकली, यातच लोक अडकले असते.

पांढरीवरचा · रविवार, १२:२०

तगरकर, हे इतकं सुंदर उदाहरण आहे की धाग्याच्या मथळ्यात घालायला हवं होतं.

आता माझं सांगतो, का एवढं लागतंय मला. आमच्या गावाबाहेर पांढर आहे, म्हणजे जुन्या वस्तीचं पांढऱ्या मातीचं टेकाड. लहानपणी आम्ही पोरं तिथे खापरं गोळा करायचो, लाल, वर काळ्या रेघा, बोटाने वाजवली की खणखण वाजायची. मी एक डबा भरून ठेवला होता, तीस वर्षं जपला. गेल्या वर्षी एका अभ्यासकांना दाखवला, ते बघताक्षणी म्हणाले जोर्वे आहे, तोटीच्या भांड्याची तोटी पण आहे यात. मग विचारलं, कुठून उचललं, वरून का नांगराच्या तासातून का मातीच्या कडेतून? मला एकाचंही सांगता येईना. ते काही बोलले नाहीत, डबा परत हातात दिला. आणि पांढर आता अर्धी उरलीये, धाब्याच्या घरांना आणि शेतात टाकायला पांढरी माती म्हणून पिढ्यानपिढ्या नेली लोकांनी, राहिलेली ट्रॉलीने गेली. माझ्या डब्यात जे आहे ते आता तिथे नाहीये आणि माझ्या डब्यातलंही आता कुठलं नाहीये.

बांधावरून · रविवार, १४:०५

नमस्कार मंडळी. मी एरवी फक्त वाचतो. खापरवाली ताईंनी रांजणाचं लिहिलंय ते वाचून हात थरथरायला लागले म्हणून लिहितोय.

आमचं वावर प्रवरेच्या अंगाला आहे. मागच्या आठवड्यात ताल काढायला जेसीबी लावला होता, कडेला मातीत दोन मडकी आडवी लागली, तोंडाला तोंड. एक फुटलं. आत बारीक हाडं होती, आम्हाला वाटलं कोंबडी-बिंबडी असेल. म्हातारी म्हणाली हात लावू नका म्हणून काम तिथेच थांबवलं. दुसरं मडकं अजून कडेत अर्धं दिसतंय. आता हे कुणाला सांगायचं का? सांगितलं तर जमीन जाईल असं सगळे म्हणतात. तीन एकर आहे एकूण.

खापरवाली · रविवार, १४:१४

दादा, आधी मनापासून आभार, तुमच्या आईंचे जास्त!! आता नीट वाचा.

कडेतलं मडकं ओढू नका, धुऊ नका, आतली माती काढू नका. फुटलेल्याचे तुकडे आणि हाडं जिथे पडलीत तिथेच राहू द्या, उचलली असतील तर कोरड्या कापडात, प्लास्टिकमध्ये नको, घाम सुटतो. कडेचा पूर्ण फोटो काढा, जवळचा आणि लांबचा, शेजारी मोजपट्टी किंवा काठी उभी करून. जमिनीच्या वरच्या पातळीपासून मडकं किती खाली आहे ते मोजून लिहून ठेवा. मोबाईलमधलं लोकेशन सेव्ह करा पण इथे टाकू नका, गावाचं नावही नको. मग वर कोरडी माती सैलसर लावा आणि ताडपत्री.

जेसीबीने काढलेला ढीग कुठेय?

तगरकर · रविवार, १४:३०

जमिनीबद्दल. एखादं मडकं निघालं म्हणून जमीन जात नाही दादा. केंद्राने एखादी जागा संरक्षित करायची तर आधी अधिसूचना निघते आणि हरकत घ्यायला दोन महिने असतात, आणि ते १०० मीटर, २०० मीटरचे बांधकामाचे नियम तशा जाहीर झालेल्या जागांना असतात. संरक्षित झाली तरी मालकी आपोआप सरकारजमा होत नाही. उलट १८७८ चा निखात निधीचा कायदा आहे, जमिनीत दडलेलं दहा रुपयांच्या वरचं काही मिळालं तर कलेक्टरला लेखी कळवायचं. मडक्याला किंमत काय हा प्रश्न बाजूला ठेवा, तहसीलला साध्या कागदावर अर्ज देऊन पोच घ्या आणि राज्य पुरातत्त्व विभागाला कळवा. पोच घेतलीत की उद्या कुणी तुमच्यावर लपवल्याचं म्हणू शकत नाही.

सिंधूसागर · रविवार, १४:५२

कुणी विकत घ्यायला आलं तर घरात घेऊ नका. मडक्यासाठी सुद्धा येतात लोक.

बांधावरून · रविवार, १८:४०

आत्ताच जाऊन आलो. ढीग बांधावरच आहे, पसरला नव्हता अजून, त्याच्याभोवती काट्या लावल्या म्हणजे शेरडं चढणार नाहीत. मडकं वरून ४ फूट २ इंच खाली आहे. त्याच्या बरोबरीने एक आडवा काळा पट्टा दिसतोय, राखेसारखा, दोन बोटं जाड, पार टोकापर्यंत गेलाय. आणि त्याच्या खाली सारवलेल्यासारखी कडक जमीन. तुमचं वाचलं नसतं तर हे दिसलंच नसतं मला, उद्या फावड्याने सरळ करून टाकणार होतो.

म्हातारीला सांगितलं की लहान लेकरू आहे त्यात, आपल्यासारख्याच शेतकऱ्याचं, तीन हजार वर्षांपूर्वीचं. ती काही बोलली नाही. ताडपत्री घालायला माझ्याबरोबर आली आणि चारी कोपऱ्यांवर स्वतः दगड ठेवले.

पांढरीवरचा · रविवार, १८:४७

तो काळा पट्टा!! दादा, त्या राखेत कोळसा असेल. कुणालाही हात लावू देऊ नका. मी उद्या सकाळच्या गाडीने निघतोय, लोकेशन मला व्यनि (खासगी निरोप) करा, तहसीलला आपण बरोबर जाऊ.